संगणकाची वीज आणि घरची दक्षता

घर आणि विज्ञान

वाचकहो, खोलीतील दिवा लागेनासा झाला, तर आपण काय करतो? प्रथम शेजारच्या खोलीतील दिवा लावून पाहतो. तोही लागला नाही, तर खिडकीतून समोरच्या घराकडे नजर टाकतो. तेथे उजेड दिसला, तर दोष आपल्याच घरात आहे, हे कोणी शिकविल्यावाचून ध्यानात येते. गावातील पुरवठ्यापासून दिव्याच्या काचेपर्यंत एकेक दुवा तपासण्याची ही रीत लहान मुलासही अवगत असते. परंतु टेबलावरचा संगणक एके दिवशी सुरू होईनासा झाला की हीच रीत आपण विसरतो. यंत्र गूढ म्हणून दोषही गूढच असणार, अशी आपली समजूत होते. मग पेटी उचलून दुकानात नेण्यात येते आणि ‘मदरबोर्ड गेला’ एवढे दोन शब्द ऐकून आपण काही हजार रुपयांच्या खर्चास मान तुकवितो. वस्तुतः यांपैकी कितीतरी दोष भिंतीतील सॉकेटपासून संगणकाच्या पेटीपर्यंतच्या दोन हात अंतरातच असतात.

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. जुना किल्ला, टिपू सुलतानाचे जन्मस्थान, द्राक्षांचे मळे आणि भौगोलिक मानांकन लाभलेली पपनसे, ही या गावाची पूर्वापार ओळख. मे २००८ मध्ये या तालुक्यात बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला, त्यानंतर विमानाच्या भागांचे कारखानेही आले, आणि गावाभोवती नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे अशा वसाहतींत भाड्याने राहतात. तेथे विंधणविहिरीवरील पंप असतात, शेजारी बांधकाम चालू असते आणि मार्च ते मे या महिन्यांत सायंकाळी विजांसह वळवाचा पाऊस कोसळतो. विजेच्या उपकरणांची परीक्षा पाहणारी ही सर्व कारणे सोलापूर, बेळगाव वा नागपूर येथील वाचकांच्याही परिचयाची आहेत.

अशा एखाद्या घरी मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत आहे, आजोबांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि घराचा दहा वर्षांचा हिशेब त्याच संगणकात आहे, आणि नेमकी त्याच दिवशी कळ दाबूनही यंत्र हूं की चूं करीत नाही, अशी कल्पना करा. घाबरून न जाता घरच्या माणसांनी काय करावे आणि काय कदापि करू नये, हे क्रमाने पाहू.

संगणक वीज कशी घेतो

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने घेत उलटसुलट वाहतो. संगणकाच्या अंतर्भागास मात्र एकाच दिशेने वाहणारी, सौम्य दाबाची वीज लागते: काही भागांना १२ व्होल्ट, काहींना ५ आणि काहींना ३.३. हे रूपांतर करणारी धातूची चौकोनी पेटी संगणकाच्या आत, बहुधा मागील बाजूस बसविलेली असते. हिला कारागीर ‘एसएमपीएस’ म्हणतात. आज घरोघरी दिसणाऱ्या टेबलावरील संगणकांपैकी बहुतेकांत ‘एटीएक्स’ या १९९५ साली इंटेल कंपनीने प्रसृत केलेल्या मानकाप्रमाणे ही पेटी बनविलेली असते. म्हणूनच एका कंपनीची पेटी पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या संगणकात चालते.

या पेटीची एक विशेषता लक्षात ठेवण्याजोगी आहे. संगणक बंद दिसत असतानाही, भिंतीवरील बटण चालू असेल तर, ती ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह सतत पुरवीत असते. समोरची कळ दाबली म्हणजे या प्रवाहाच्या आधारे मदरबोर्ड पेटीस ‘आता पूर्ण वीज दे’ असा इशारा करतो. सर्व दाब योग्य झाले की पेटी उलट ‘वीज ठीक आहे’ असा निरोप धाडते. त्यानंतरच संगणक कामास लागतो. म्हणजे समोरची कळ ही दिव्याच्या बटणासारखी वीज जोडणारी कळ नव्हे, ती केवळ दारावरची घंटा होय.

आणखीही एक गुण या पेटीत असतो. कोठे तारा एकमेकींस भिडल्या किंवा दाब मर्यादेबाहेर गेला, तर ती आपण होऊन बंद पडते. देवनहळ्ळीहून उत्तरेस नंदीच्या डोंगराकडे गेले असता मुद्देनहळ्ळी हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव लागते. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेल्या या अभियंत्याने १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसविली. पाणी ठरावीक पातळीवर गेले की दारे उघडत, पातळी उतरली की मिटत, त्यामुळे धरणास धोका पोहोचत नसे. संगणकाच्या पेटीतील संरक्षणाची योजना याच जातीची आहे. तेव्हा पेटी बंद पडली म्हणजे ती जळालीच, असे गृहीत धरू नये. कित्येकदा तिने आपले कर्तव्य बजावलेले असते.

प्रथम भिंतीकडे पाहावे

संगणक पूर्णतः निपचित असेल, तर तपासणीचा आरंभ भिंतीपासून करावा. ज्या सॉकेटला संगणक जोडला आहे, तेथे टेबलावरचा दिवा लावून पाहावा. दिवा लागला नाही, तर संगणक निर्दोष असण्याचाच संभव अधिक. घरातील एमसीबी खाली पडली आहे काय, हे पाहावे. मध्ये यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असेल, तर तो वगळून संगणक थेट भिंतीतील सॉकेटला जोडावा. यूपीएसमधील बॅटरी काही वर्षांत निकामी होते, हे बहुतेकांस ठाऊक नसते. बॅटरी मेलेला यूपीएस काही वेळा स्वतःच सुरू होत नाही, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो.

यानंतर वीज आणणारी जाड वायर पाहावी. संगणक आणि मॉनिटर यांच्या वायरी बहुधा एकसारख्या असतात. मॉनिटर चालत असेल, तर त्याची वायर काढून संगणकास लावून पाहावी. वायरीचे टोक मागील खाचेत घट्ट बसले आहे ना, याची खात्री करावी. तेथेच एक लहान कळ असते, तिच्यावर एक उभी रेघ आणि एक शून्य कोरलेले असते. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. झाडलोट करताना ही कळ नकळत दाबली जाते आणि सारे घर हवालदिल होते!

एवढे करूनही यंत्र उठले नाही, तर भिंतीवरील बटण बंद करून वायर काढावी आणि समोरची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. आत साठलेली थोडी वीज त्यामुळे निघून जाते, आणि संरक्षणासाठी बंद झालेली पेटी पुष्कळदा पुन्हा सुरू होते. यूएसबीला लावलेल्या सर्व वस्तू, म्हणजे छपाईयंत्र, पेनड्राइव्ह, मोबाईलची वायर, काढून ठेवाव्यात. त्यांतील एकीत जरी दोष असला, तरी संपूर्ण संगणक अडून बसू शकतो.

झाकण उघडल्यावर

पुढील पायरीसाठी झाकण उघडावे लागते. त्यापूर्वी वायर भिंतीतून काढलेली असलीच पाहिजे. हात कोरडे असावेत, आणि आतील भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस क्षणभर स्पर्श करावा. अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक भागांस इजा करते.

आता केवळ पाहण्यासाठी वायर पुन्हा लावून बटण चालू करावे, आत हात घालू नये. अनेक मदरबोर्डांवर एक लहानसा दिवा असतो. तो लागला, तर भिंत, वायर आणि क्षीण प्रवाह पुरविणारा पेटीचा भाग ठीक आहेत, असा निष्कर्ष निघतो. मग संशय समोरच्या कळीवर येतो. वीज पुन्हा काढून मदरबोर्डाच्या कडेस जाणाऱ्या बारीक वायरी पाहाव्यात. त्यांतील दोन वायरी या कळीच्या. संगणकास ‘रीसेट’ची कळ असेल, तर तिचे टोक काढून चालू करण्याच्या कळीच्या जागी लावावे आणि रीसेटची कळ दाबून पाहावी. संगणक सुरू झाला, तर बिघाड थोड्या रुपयांच्या एका कळीत होता, हे सिद्ध झाले.

पंखा क्षणभर फिरून थांबतो, असेही होते. हे पेटीच्या संरक्षणाचे लक्षण असू शकते. अशा वेळी मदरबोर्डावरील मोठा जोड आणि प्रोसेसरजवळचा चार वा आठ टोकांचा लहान जोड घट्ट बसले आहेत काय, हे पाहावे. नंतर हार्डडिस्क व जादा कार्डे यांच्या वायरी काढून यंत्र चालवून पाहावे आणि एकेक भाग परत जोडीत जावे. प्रत्येक वेळी वीज काढूनच हात घालावा. ज्या भागाच्या जोडणीने यंत्र अडते, तोच भाग दोषी.

पंखे फिरतात पण पडदा काळा राहतो, हा प्रकार तर निराळाच. येथे वीज बहुतेक पोहोचलेली असते. मॉनिटरची वायर तपासावी. रॅमच्या पट्ट्या वीज बंद ठेवून काढाव्यात, कोरड्या मऊ कापडाने त्यांची कड पुसावी, आणि खाच जुळवून ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत परत बसवाव्यात. संगणक शिटीसारखा आवाज करीत असेल, तर तो किती वेळा व कसा होतो, हे लिहून ठेवावे. कारागिरास त्यावरून पुष्कळ उलगडा होतो. तारीख आणि वेळ वारंवार चुकत असेल, तर मदरबोर्डावरील ३ व्होल्टची चपटी बॅटरी बदलावी. बाजारात ती ‘सीआर २०३२’ या नावाने मिळते. तिचा दोष मोठ्या पेटीवर लादण्याचे कारण नाही.

मध्येच बंद पडणारा संगणक

संगणक सुरू होतो पण मध्येच बंद पडतो, ही तक्रार अधिक फसवी असते. येथे वेळेची नोंद हाच खरा साक्षीदार. सुरू झाल्यावर काही मिनिटांनी नेमाने बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरवरील पंखा धुळीने जाम झालेला असतो, आणि जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःस थांबविते. बांधकामे चालू असलेल्या वसाहतींत ही धूळ विशेष साठते. मऊ कुंचल्याने ती काढावी. जड काम सुरू करताच बंद पडत असेल, तर पेटीची शक्ती अपुरी किंवा क्षीण झालेली असू शकते.

परंतु शेजारचा पंप सुरू होताच संगणक पुन्हा पहिल्यापासून चालू होत असेल, तर दोष बहुधा घराबाहेरचा. मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते आठ पट प्रवाह ओढते, आणि त्या क्षणी परिसरातील दाब खचतो. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. चांगली पेटी वीज गेल्यावर ढोबळमानाने १६ ते १७ मिलिसेकंद, म्हणजे एका आवर्तनाहूनही कमी काळ, तग धरते. डोळ्याला दिव्याची केवळ पापणी लवल्यासारखी वाटते, तेवढ्यात संगणक कोसळलेला असतो. यावर उपाय संगणकासाठी बनविलेल्या यूपीएसचा. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्यावर ‘यूपीएस’ अशी खूण असलेली कळ आहे काय, हे पाहावे. साध्या स्थितीत तो वीज बदलण्यास संगणकाला परवडेल त्याहून अधिक वेळ घेतो, त्या कळीने हा वेळ कमी होतो.

येथे एक धोक्याची सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. घरातील काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद होऊ लागले, तर न्यूट्रलची वायर सुटली असण्याचा संभव असतो. अशा स्थितीत २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. संगणकाचा विचार त्या क्षणी सोडून मुख्य स्विच बंद करावा आणि वीज कंपनीस कळवावे. बेस्कॉम आणि महावितरण या दोहोंसाठी तक्रारीचा क्रमांक १९१२ हाच आहे.

तिसऱ्या वायरीचे मोल

काही घरांत संगणकाच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात. पुष्कळजण चप्पल घालून बसतात आणि प्रश्न सुटला असे मानतात. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. एसएमपीएसच्या प्रवेशद्वाराशी असलेले लहान कॅपॅसिटर पेटीच्या धातूस जोडलेले असतात. घरात अर्थिंग नीट असेल, तर तेथील क्षुल्लक प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल, तर धातूवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब राहतो. या झिणझिण्या स्वतः घातक नसल्या, तरी घराची तिसरी वायर निरुपयोगी असल्याची ती चाहूल असते. त्याच घरातील गिझर वा इस्त्री बिघडली, तर संरक्षणास कोणीच उरत नाही. तीन पायांच्या प्लगाचा वरचा जाड पाय कापून तो दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये खुपसण्याची सवय काही घरांत आढळते. तो पाय लांब व जाड ठेवण्याचे कारणच हे की, इतर दोन पाय लागण्यापूर्वी अर्थिंग जोडले जावे.

भाड्याच्या घरात अर्थिंग दुरुस्त करण्यास मालक टाळाटाळ करतो, ही तक्रार नित्याची आहे. तथापि हा खर्च संगणकाचा नसून लेकराबाळांच्या जिवाचा आहे, हे त्यास समजावून सांगावे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसविण्याचा आग्रह धरावा.

कोठे थांबावे

घरच्या तपासणीची एक सीमा आहे, आणि ती म्हणजे एसएमपीएसची धातूची पेटी. तिचे स्क्रू घरी कधीही उघडू नयेत. २३० व्होल्टची वीज एकदिश झाली की तिचा दाब ३२५ व्होल्टपर्यंत जातो, काही पेट्यांत तो त्याहूनही अधिक असतो, आणि वायर काढल्यानंतरही आतील मोठे कॅपॅसिटर तो काही काळ साठवून ठेवतात. जळका वास आला, धूर दिसला किंवा पेटीतून फटफट आवाज आला, तर बटण बंद करून वायर काढावी आणि पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळावा.

कारागिराकडे जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. यंत्र केव्हा बंद पडते, कोणता दिवा लागतो, कोणत्या चाचण्या घरी केल्या, हे एका कागदावर क्रमाने लिहून न्यावे. मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाल्यास ‘दुसरी चांगली एसएमपीएस लावून पाहिली काय?’ असे नम्रपणे विचारावे. मल्टिमीटरने दाब मोजून दाखविण्यास सांगावे. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी वायरीवर सुमारे ३.१४ ते ३.४७ व्होल्ट, ही मान्य मर्यादा होय. नव्या पेट्यांत कधी सर्वच वायरी काळ्या असतात, तेव्हा जागेवरून त्या ओळखाव्या लागतात. आकडे समोर ठेवून बोलणाऱ्या ग्राहकास प्रामाणिक कारागीर आनंदाने उत्तर देतो.

पेटी बदलावीच लागली, तर केवळ स्वस्ताईकडे पाहू नये. हलकी पेटी बिघडताना कधीकधी मदरबोर्ड आणि हार्डडिस्क यांनाही सोबत नेते. निकामी झालेली पेटी व बॅटरी कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे पेटी नोंदणीकृत संस्थेकडे सोपवावी. यूपीएसची जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडेच परत द्यावी.

वादळी दिवसांत, आकाशात विजा चमकू लागताच, संगणकाची वायर भिंतीतून काढावी. त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची तारही काढावी, कारण विजेचा लोट त्या वाटेनेही आत शिरतो. नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांचा अभ्यास, हिशेब, छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर महिन्यातून एकदा तरी काढून ठेवावी. एसएमपीएस दुसरी विकत आणता येते, मदरबोर्डही मिळतो. दहा वर्षांचा हिशेब आणि नातवंडांची छायाचित्रे मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. हे काम घरातील एखाद्या मुलावर वा मुलीवर सोपवावे आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्या दिवसाची खूण करावी. त्यामुळे प्रत सुरक्षित राहते आणि मुलांस आपल्या घरच्या यंत्राची ओळखही होते.